बोर्ड एकच बदलला, पैसे मात्र विंडोज, डेटा आणि लायसन्सचेही लावले

नाशिकमध्ये पीसी रिपेअरला टाकणार असाल तर आधी हे वाचा. माझ्या मेव्हण्याचं पंचवटीत टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, ऐन रिटर्नच्या सीझनमध्ये पीसी बंद पडला म्हणून त्याने तो एमजी रोडवरच्या एका दुकानात टाकला (नाव घेत नाही). दुकानदार म्हणे साहेब मदरबोर्ड गेलाय, आणि बोर्ड बदलला की विंडोज नव्याने टाकावीच लागते, सी ड्राइव्ह उडणार, त्यामुळे डेटा बॅकअपचे वेगळे, इन्स्टॉलेशनचे वेगळे आणि नव्या लायसन्सचे वेगळे. टॅलीचा डेटा जाईल म्हटल्यावर माणूस घासाघीस काय करणार! बोर्डाचे सोडून वर साडेसहा हजार मोजले.

मी बघितलं तर प्रिंटर, क्रोममधले पासवर्ड, डेस्कटॉपवरचा पसारा सगळं होतं तसंच. फॉरमॅट मारल्यावर असं कसं राहील? कमांड प्रॉम्प्टमध्ये सिस्टिमइन्फो टाकलं, तर ओरिजिनल इन्स्टॉल डेट 2023 ची. नवीन विंडोज टाकली असती तर तारीख त्याच आठवड्याची दिसली असती ना. म्हणजे दुकानदार भाऊने जुनी एसएसडी (ज्यावर विंडोज आणि डेटा असतो ती ड्राइव्ह) नव्या बोर्डाला जोडली, पीसी चालू केला, विंडोजने नव्या बोर्डाचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) स्वतः शोधले, झालं काम.

विंडोज 10 आणि 11 बहुतेक वेळा अशाच चालू होतात. समजा निळी स्क्रीन येऊन इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असं आलं, तरी आधी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे ड्राइव्ह कशी जोडायची ते सेटिंग, जुन्या बोर्डावर होता तोच आहे का ते बघायचं, लगेच फॉरमॅटला हो म्हणायचं नाही. हां, बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह लॉक करणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की मागते, ती पीसी दुकानात द्यायच्या आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून लिहून ठेवा.

पण खरा राग लायसन्सचा आला. ॲक्टिव्हेशन बोर्डाशी बांधलेलं असतं हे खरं, ब्रँडेड पीसीसोबत कंपनीनेच टाकून दिलेलं ओईएम लायसन्स बोर्ड बदलल्यावर सहसा चालत नाही. पण मेव्हण्याचं रिटेल होतं, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं, सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदललंय एवढं सांगितलं की फुकटात काम होतं. आणि दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हणून काय दिलं? ॲक्टिव्हेशन कधीपर्यंत आहे ते दाखवणारी एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) ही कमांड मारली तर व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपणार असं आलं, म्हणजे केएमएस, कंपनीच्या सर्व्हरवरून होणारं 180 दिवसांचं ॲक्टिव्हेशन. कंपन्यांमध्ये ते रीतसर वापरतात, पण इथे क्रॅक होता, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून डिफेंडरच्या (विंडोजच्या अँटिव्हायरसच्या) एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासायचं नाही अशा यादीत, एक फोल्डर घालून ठेवलेला! ज्या पीसीवर लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट पडलेत तिथे हा उद्योग. आम्ही क्रॅक काढला, सगळे पासवर्ड बदलले, जुनी की टाकून ट्रबलशूटर चालवला, ॲक्टिव्हेट झालं.

दुकानात जाब विचारला तर म्हणे "सगळेच असं करतात भो". बॅकअपचे पैसे आढेवेढे घेत परत दिले, बाकीचे नाही. पक्कं बिल मागितलं तर आता जीएसटी वेगळा लागेल म्हणतो, हातात आहे ती कच्ची पावती आणि त्यावर फक्त 'सर्व्हिस' लिहिलंय, ना बोर्डाचा सिरियल नंबर ना वॉरंटी. व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला रेट मात्र आहे, त्यात लायसन्सची रक्कम वेगळी लिहिलीय, तोच स्क्रीनशॉट घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय.