नाशिकच्या अंबडमधलं वर्कशॉप: व्हॅनचा फ्रिज वाचवला, हीटर दुरुस्त करायला मात्र सरळ नाही म्हणाले

आमची व्हॅन म्हणजे 2006 ची टेम्पो ट्रॅव्हलर, आधीच्या मालकाने आतून कॅम्पर करून घेतलेली, त्यात कुठल्यातरी परदेशी गाडीतून काढलेला थ्री-वे फ्रिज आणि गॅसवर चालणारा हीटर बसवलेला. दिवाळीनंतर दोन्ही बंद पडले. महिन्यातून एकदा तरी आम्ही आईला घेऊन बाहेर पडतो, ती इन्सुलिनवर आहे आणि न उघडलेली पेनं 2 ते 8 डिग्रीतच ठेवावी लागतात, त्यामुळे फ्रिज नाही तर आई नाही, इतकं सरळ आहे.

आधी घराजवळच्या एका फ्रिजवाल्याला बोलावलं. तो मागची जाळी काढून अर्धा तास कॉम्प्रेसर शोधत होता आणि शेवटी म्हणाला गॅस भरावा लागेल. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतोच हो! मागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे सीलबंद असतात, खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, तिथे निवून पातळ होतो आणि पुढे हायड्रोजनमध्ये त्याची परत वाफ होते तेव्हा तो फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो. ती उष्णता गॅसच्या ज्योतीने द्या, 230 व्होल्टने द्या नाहीतर गाडीच्या 12 व्होल्टने, म्हणून थ्री-वे. 1922 मध्ये स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे शोधलं आणि 1925 पासून इलेक्ट्रोलक्सने असे फ्रिज विकायला काढले. यात भरण्यासारखं काहीच नसतं. नळीला भोक पडलं तर डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास येतो, आणि मग ते युनिट गेलंच समजायचं.

मग कुणीतरी अंबड एमआयडीसीतलं हे वर्कशॉप सांगितलं. पाथर्डी फाट्याकडून आत गेलात की पत्र्याचं शेड आहे, नावाचा बोर्ड नाही, शटरवर नुसतं 'ट्रक एसी' रंगवलंय. तिथल्या काकांनी काहीही न खोलता फ्रिज आधी रात्रभर 230 व्होल्टवर लावून ठेवला. सकाळी फ्रीझरच्या खणात बर्फ! मला म्हणाले, ताई, फ्रिज धडधाकट आहे, त्याला खायला मिळत नाहीये.

आणि खरंच तसंच होतं. मला खाली बसवून हातात छोटा आरसा दिला आणि बर्नरची ज्योत दाखवली, पिवळी, लांबट, थरथरणारी. बर्नर काढला तर नळीत कोळ्याचं जाळं, वरच्या धुराड्यातून मूठभर गंजाचे पापुद्रे पडले. जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं) भोक इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांनी धड दिसत नाही, माझा भाऊ सुई शोधायला लागला तर काकांनी त्याचा हात धरला, भोक जरा जरी मोठं झालं तर ज्योत बिघडते म्हणून. स्पिरिटमध्ये भिजवून हवेने फुंकलं बस. थर्मोकपल नवीन टाकलं (ज्योत विझली की गॅस बंद व्हावा म्हणून असतं ते), सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघितलं. परत आरसा दिला, तर आता नखाएवढी निळी ज्योत, एकदम स्थिर. ती बघून मला किती बरं वाटलं ते कसं सांगू!

12 व्होल्टची गोष्ट वेगळीच निघाली. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि फ्रिजच्या टोकाला 12.3, कारण आधीच्या मालकाने दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली आणि फ्रिज ओढतो दहाएक अँपिअर. दीड व्होल्ट वायरीतच गेला की हीटिंग रॉडची ताकद वीसेक टक्के कमी होते. सहाची वायर टाकली, आता 13.4 मिळतात.

हीटरच्या बाबतीत मात्र काकांनी मला जिंकलं. त्याचा हीट एक्स्चेंजर (आत गॅस जळतो आणि बाहेरून हवा तापते तो बंद डबा) बाहेर काढला, शेडमधले लाइट बंद केले आणि आतून बल्ब धरला. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. तिथूनच जळलेला गॅस झोपायच्या जागेत आला असता, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. भाऊ म्हणाला वेल्ड करून द्या ना. काका म्हणाले, शेजारी परत फुटेल, मी हे बसवून देणार नाही, तुमची आई झोपते ना यात? दुरुस्तीचे पैसे सहज घेता आले असते त्यांना. त्याऐवजी 2 किलोवॅटचा डिझेल हीटर बसवला, जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूर गाडीखालून बाहेर सोडतो. सीओ अलार्म (कार्बन मोनॉक्साइड साठला की वाजणारा) तरीही लावायलाच लावला.

तक्रारी आहेत. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि हीटरसाठी कपाटाची फळी वाकडी कापली ती अजून तशीच आहे. फ्रिजचे 7,500 झाले आणि हीटर फिटिंगसकट 16,500, पावती मागितल्यावर मिळाली.

जानेवारीत निफाडकडे एका द्राक्षबागेशेजारी दोन रात्री काढल्या, बागेत थंडीपासून बचावाला शेकोट्या पेटवलेल्या आणि आई आत स्वेटर काढून बसलेली. हीटर सुरू होताना दोन-तीन मिनिटं बॅटरी चांगलीच खातो, आणि बंद करताना त्याच्या स्विचनेच करायचा, आधी करंट तोडायचा नाही, तो आतून निवायला वेळ घेतो. फ्रिज गॅसवर, मधल्या खणात 5 डिग्री. पेनं मागच्या पट्ट्यांना टेकवायची नाहीत, तिथे ती गोठतात, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. दुसऱ्या सकाळी त्याच फ्रिजमधल्या दुधाचा चहा केला.

गाडी उतारावर असली तर हा फ्रिज गार करत नाही, त्यामुळे गवंड्याची छोटी पाणसळ फ्रीझरच्या खणात ठेवून मगच चाकाखाली दगड लावायचे, हे काकांनीच शिकवलं. पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी ज्योत बंद. पावसाळा संपला की धुराडं साफ करायला परत या म्हणालेत, तेव्हा ती फळीही बदलून घेणार आहे.