वजन कमी करताना हुरडा पार्टीला जावं का? मंगळवेढा रोडच्या एका शेतातला आमचा अनुभव

गेल्या रविवारी घरचे सगळे मिळून आम्ही चौदा जण हुरड्याला गेलतो, सोलापूरहून मंगळवेढा रोडला, सीना नदीचा पूल ओलांडला की पुढं आत शेतात. शेताचं नाव लिहीत नाही कारण मालकांना विचारलेलं नाही, पण या दिवसांत त्या पट्ट्यात हुरड्याच्या पाट्या दिसतातच आणि मी लिहिणारे ते बहुतेक सगळीकडं उपयोगी पडेल. हुरडा कसा होता ते सांगतेच, पण माझा मेन मुद्दा वेगळा आहे. वजन कमी करायला घेतलंय अशा माणसानं अशा ठिकाणी जावं का, आणि गेलं तर काय खावं आणि काय सोडावं. मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर आठवडाभर एवढं टेन्शन घेतलं नसतं.

थोडं माझं सांगते. गणपतीच्या आधी तपासणी केली तेव्हा वजन ७८ किलो, उंची पाच फूट दोन इंच आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. म्हणजे डायबेटीस नाही पण उंबऱ्यावर, ५.७ ते ६.४ मध्ये आलात की सावध व्हा म्हणतात. आपल्याकडच्या लोकांना बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २३ च्या वर गेला की जादा वजन धरतात आणि २५ पासून पुढं लठ्ठपणा, माझा ३१ च्या वर होता. आमच्या आईला डायबेटीस आहे, तिचे पाय मी रोज बघितलेत, त्यामुळं मला हे मनापासून करायचंच होतं.

तर मी एका डाएट सेंटरचं पॅकेज घेतलं, त्यांनी चार्ट दिला आणि सांगितलं बाहेरचं बंद, कुठं गेलात तर डबा न्या. मी नेला. नवरात्रात मोठ्या वन्सच्या मुलीचा साखरपुडा होता, सगळ्या बायका पंगतीत आणि मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन काकडी आणि मोडाचे मूग खात बसलेले. वन्स दोनदा येऊन म्हणल्या, वहिनी निदान दोन घास तरी, मी नको नको म्हणत राहिले. आत्या (आमच्या सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात) तिथं काही बोलल्या नाहीत पण घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. लेकीच्या घरचं कार्य आणि सून तिथं पाणी पिऊन आली असं झालं त्यांना. आणि खरं सांगू का, त्या रात्री अकरा वाजता मीच डबा उघडून फरसाण खाल्लं, पोटभर. म्हणजे मानही गेला आणि डाएटही.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सरळ हिशोब सांगितला. दिवसाला तीन म्हणलं तर महिन्यात नव्वद वेळा आपण जेवतो, त्यातली कार्यं, वाढदिवस, भिशी अशी पाच-सहा. बाकीची ऐंशी-पंच्याऐंशी नीट करा आणि त्या पाच-सहांना जा, बसा, खा, फक्त काय खाताय ते ठरवून खा. तेव्हापासून माझी गाडी रुळावर आली. आज वजन साडेएकाहत्तर आहे. पण जानेवारी म्हणजे परीक्षाच असते, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, मग संक्रांतीच्या पोळ्या, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला पोरांबरोबर फेरी, रथसप्तमीपर्यंत रोज एका घरी हळदीकुंकू आणि तिळगूळ, आणि त्यातच हा हुरडा.

आता शेताचं. साडेनऊचं बुकिंग होतं, गेल्या गेल्या प्रत्येकाच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास. मी माझा पुतण्याला दिला. हे पहिलंच ठिकाण सांभाळायचं, भूक नसताना उभ्या उभ्या मोठा ग्लास जातो आणि तो आपण मोजतच नाही.

आगटी मात्र बघण्यासारखी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख धरलेली, आणि एक मामा गुळभेंडी ज्वारीची कणसं देठाला धरून निखाऱ्यात खुपसून फिरवत बसलेले. हुरड्याला गुळभेंडीच पाहिजे, आपली भाकरीची मालदांडी वेगळी, गुळभेंडीचा दाणा गोड आणि फोलपटातून पटकन सुटतो. भाजलेलं कणीस गरम असतानाच दोन तळव्यांत धरून चोळायचं, दाणे सुपात, मग पाखडून फोलपटं उडवायची आणि खाली हिरवेगार दाणे, वाफ येत असलेले, धुराचा वास असलेले. आत्यांनी मामांना बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः बसल्या. पंचाहत्तरी आलीय त्यांची पण माहेर मंगळवेढ्याकडचं, हाताला सवय आहे. तळवे काळे झालेले, चटके बसत होते तरी कणीस खाली ठेवलं नाही, आणि पहिली मूठ चोळून माझ्याकडं धरली. म्हणल्या, धर. मी घेतली आणि सगळी खाल्ली, एक एक दाणा चावून. त्यांनी फक्त बघितलं आणि दुसरं कणीस उचललं.

तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात एक गोष्ट आली ती अशी की हुरडा आपल्याला घाई करूच देत नाही. एका खेपेला सात-आठ कणसं निघतात, ती चोळायची, पाखडायची, चौदा जणांत वाटायची, प्रत्येकाला एक मूठ येते आणि मग पुढची खेप येईपर्यंत थांबा. दीड तासात माझ्या चार मुठी झाल्या. पोट भरलं हे डोक्याला कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात म्हणतात, इथं ती आपोआप मिळतात. कोवळा दाणा असल्यामुळं त्यात पाणी जास्त, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पिठापेक्षा कॅलरी कमी, तेल तर नाहीच. दुसरी खेप झाल्यावर मी पण चोळायला बसले, हात त्यात गुंतले की ताटाकडं जात नाहीत, आणि सगळ्यांना वाढणारी बाई काय खातेय हे कोणी बघत पण नाही.

अडचण हुरड्याची नाही, ताटातल्या बाकीच्या गोष्टींची आहे. इथं ताट आधीच भरून हातात देतात. शेंगा चटणीची गच्च वाटी, गूळ, शेव, रेवड्या, गोडी शेव, दही, बोरं, पेरूच्या फोडी, आणि बाजूला हरभऱ्याचे ढाळे. यात दही, बोरं, पेरू, ढाळे बिनधास्त घ्या. पण शेंगा चटणीचं मला सोलापूरच्या सगळ्यांना सांगायचंय कारण आपण तिला तोंडी लावणं समजतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ५६७ कॅलरी असतात, निम्म्याच्या जवळपास तेलच, म्हणून तर उखळात कुटताना ती तेल सोडते आणि म्हणून तर ती चवीला अशी लागते. मी घरी काट्यावर मोजलंय, माझ्या चमच्यानं एक भरलेला चमचा १५ ग्रॅम बसतो. दोन चमचे म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाची जवळपास एक अख्खी भाकरी! वरून त्यात तेल घालून खाणारे आहेत आमच्यात, तेलाच्या एका छोट्या चमच्याला ४५ वाढवा. मी चटणी सोडलेली नाही आणि सोडणार पण नाही, दाण्यात प्रोटीन चांगलं असतं. फक्त एक चमचा दह्यात कालवून घेते, चव सगळ्या दह्याला लागते आणि पुरते.

इथं माझी शेतवाल्यांकडं खरी तक्रार आहे. मी म्हणलं वाटी अर्धी करून द्या, शेव रेवड्या नकोत, तर पोरगा म्हणला काकू ताट असंच येतंय, राहिलं तर राहू द्या. म्हणजे खा नाहीतर टाका. आमच्या चौदा ताटांत मिळून किती शेव आणि गूळ उरला ते बघून जीव हळहळला. मधे एका परातीत ठेवा की, ज्याला पाहिजे तो घेईल, त्यांचाही खर्च वाचेल.

एक वाजता जेवण. आणि खरं बोलायचं तर हुरड्यानंतर जेवणाची गरजच नसते, पण माणशी ४५० रुपये दिलेत, अनलिमिटेड आहे, म्हणून सगळे बसतात. चुलीवरच्या गरम भाकरी, कडक भाकरी, बाजार आमटी, भरलं वांगं, ठेचा, शेंगा पोळी तूप, ताक. आमटी एक नंबर होती, आपल्या आठवडी बाजाराच्या गावांत करतात तशी, मिक्स डाळींची, काळा मसाला, वर लालभडक तेलाचा कट. भाकरी कुस्करून खायची ती. मी वाढणाऱ्याला म्हणलं कट नको खालची दे, त्यानं पळी तळापर्यंत घालून घट्ट डाळ वर काढली, न कंटाळता, दोन्ही वेळा. तो पोरगा लई गुणाचा. कटाशिवाय सुद्धा आमटी झणझणीतच होती.

कडक भाकरीबद्दल पण सांगते कारण माझ्या भिशीतल्या दोघी-तिघी ती डाएटची समजून पाकिटंच्या पाकिटं आणतात. ती हातात हलकी लागते कारण पाणी गेलेलं असतं, पीठ तेवढंच असतं. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीचा फायदा असा की तेल लागत नाही आणि चावून खावी लागते म्हणून एकीतच थांबता येतं, पण कुरकुर वाजतेय म्हणून चार खाल्ल्या तर त्या चारच मोजायच्या.

शेंगा पोळीपाशी मात्र मी चुकले. वन्सशी बोलत होते तेवढ्यात दुसऱ्या वाढप्यानं न विचारता एक अख्खी पोळी टाकली आणि वर तुपाची धार. दाणे, गूळ, तूप, सगळं एकत्र. माझा चेहरा बघून वन्स म्हणणारच होत्या की आता ताटात आलंय तर खा, तेवढ्यात आत्या पलीकडून त्या पोराला म्हणल्या, "अरे बाळा, तिला चतकोर वाढायचं असतंय, बाकीची माझ्याकडं दे." आणि माझ्या ताटातली पोळी मोडून चतकोर ठेवली, उरलेली स्वतः आणि नातवांत वाटली. साखरपुड्यानंतर दोन दिवस न बोलणाऱ्या याच आत्या. मला वाटतं सकाळी त्यांच्या हातची मूठ मी खाल्ली तिथंच त्यांचं समाधान झालतं, त्यांना माझ्या पोटात चार पोळ्या घालायच्या नव्हत्याच कधी, आपण केलेलं हिनं नाकारू नये एवढंच होतं. मी ती चतकोर पोळी तुपासकट खाल्ली आणि खूप छान लागली.

बाकी शेत ठीक. बैलगाडी आणि झोके असल्यामुळं पोरं खुश. हात धुवायला चौदा-पंधरा माणसांमागं एकच नळ, रविवारी रांग लागते. बायकांचं वॉशरूम लांब आहे आणि वाट ढेकळांची, म्हाताऱ्या माणसांना हात धरून न्यावं लागतं, हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे. अकरानंतर आगटीपाशी ऊन येतं, वर नुसतं हिरवं नेट बांधलंय. शेवटचा चहा साखरेचाच, बिनसाखरेचा मागितला तर नाही म्हणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १.४ किलो वर! आधीची मी असते तर दिवसभर उपाशी राहिले असते. आता माहिती आहे की एक किलो चरबी वाढायला साधारण ७७०० कॅलरी जादा जाव्या लागतात, चार मुठी हुरडा, एक भाकरी आणि चतकोर पोळीनं ते होत नसतं. ठेच्या-चटणीतलं मीठ आणि रोजच्यापेक्षा जास्त खाल्लेलं पीठ-गूळ यांनी अंगात पाणी धरलेलं असतं. मी नेहमीसारखा नाश्ता केला, संध्याकाळी कंबर तलावाला दोन फेऱ्या मारल्या, आणि गुरुवारी काटा होता तिथं परत आला, उलट दोनशे ग्रॅम खालीच.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंगच्या फोनवरच विचारा, नुसता हुरडा मिळेल का. आम्हाला निघताना कळलं की इथं जेवण सोडून फक्त हुरड्याचा माणशी २५० रेट आहे, पण तो पाटीवर लिहिलेला नाही, विचारलं तरच सांगतात. हुरडा हेच जेवण धरलं तर पोट पण भरतं आणि पैसे वसूल करायचं डोक्यात राहत नाही. सकाळी घरून अगदी उपाशी निघू नका, एक वाटी मोडाचं काहीतरी किंवा दोन अंडी खाऊन जा, म्हणजे रसाचा ग्लास सोडता येतो. शक्यतो मधल्या वारी जा, गर्दी नसते आणि ताट आपल्या मनासारखं मागून घेता येतं. आणि घरच्यांतल्या एकाला तरी आधी सांगून ठेवा, सगळ्यांना जाहीर करायची गरज नाही.

आम्ही पुढच्या बुधवारी परत जातोय, या वेळी फक्त आत्या, वन्स आणि मी, २५० वाल्या रेटमध्ये. मामा म्हणले अजून दहा-पंधरा दिवस कोवळी कणसं मिळतील, मग दाणा कडक होतो आणि चोळून सुटत नाही, तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी त्याच्या आत जा.