टोकायचं की थांबायचं? अडखळणाऱ्या मुलाच्या आईबाबांपुढच्या दोन वाटा

चार वर्षांचं पोर "आ-आ-आई" म्हणत अडकलं की घरातलं प्रत्येक माणूस वैद्य होतं. आजी वेखंड उगाळते, काका "नीट बोल रे" म्हणून दटावतात. स्पीच थेरपिस्टकडे गेलात तर रोजचं काम मात्र तुमच्याच गळ्यात पडतं. प्रश्न एवढाच, कोणतं?

एक वाट 'लिडकोम्ब' नावाच्या उपचारपद्धतीची, सिडनीत तयार झालेली. रोज दहा-पंधरा मिनिटं खेळता खेळता गप्पा. वाक्य न अडकता आलं की "वा, किती सरळ आलं!" आणि क्वचित, अगदी सहज, "हे जरा अडकलं, परत म्हणतोस?" दिवसभरात बोलणं किती अडखळलं ते 0 ते 9 मध्ये मोजून लिहायचं, दर आठवड्याला थेरपिस्टला दाखवायचं. बोलणं सुधारल्यावरही वर्षभर अधूनमधून हजेरी असतेच.

दुसरी वाट मुलाला टोकतच नाही, घराची चाल बदलते. लंडनच्या मायकेल पॅलिन सेंटरच्या पद्धतीत आठवड्यातून तीन ते पाच वेळा पाच मिनिटांचा 'खास वेळ' असतो आणि आईबाबा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ थेरपिस्टसोबत बघतात. तो बघणं सोपं नसतं. "डबा संपवला? कोणाशेजारी बसलास? बाई काय म्हणाल्या?" पोराचं तोंड उघडायच्या आत आपलेच तीन प्रश्न! सहा आठवडे दवाखान्यात, पुढचे सहा घरी.

गुण कशाने येतो? नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर लिडकोम्बची तुलना दुसऱ्या वाटेच्याच जातकुळीतल्या उपचाराशी झाली (निष्कर्ष 2015 चे). दीड वर्षाने न अडखळणारी मुलं लिडकोम्बमध्ये 76.5 आणि दुसऱ्या उपचारात 71.4 टक्के, म्हणजे दखल घ्यावा असा फरक नाही. पहिल्या तीन महिन्यांत लिडकोम्ब पुढे होतं, इतकंच. शिवाय या वयातली बरीच मुलं आपसूकही सुधारतात, तेव्हा सगळं श्रेय उपचाराला देऊ नका.

म्हणून मी घर बघून ठरवेन. आई किंवा बाबा, कोणी तरी एक जण रोज न चुकता बसणार असेल, तर लिडकोम्ब. घरात पाच मोठी माणसं असतील तर मला त्याची धास्ती वाटते: आईचं हळुवार "परत म्हणतोस?" आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी जातं आणि कौतुक गळून नुसतं टोकणं उरतं. तिथे दुसरी वाट बरी. पोर टोकल्यावर गप्प बसणारं असेल तरीही तीच. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाचं गणित वेगळं, ते थेरपिस्टलाच विचारा.

पहिल्या भेटीला जाताना घरातलं त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या. दवाखान्यात पोरं नेमकी सरळ बोलतात.