पत्र्याचा कूलर: अथणीत राजा, खानापुरात नुसता पंखा

‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणवणाऱ्या बेळगावातही आता मार्च लागला की खिडक्यांबाहेर पत्र्याचे कूलर टांगलेले दिसतात. कौलं गेली, स्लॅब आले. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली झळ सोडत राहतो. त्यात वळिवाचा नेम नाही: आज गारा, उद्या घामानं चिप्प. अशा हवेत हा कूलर घ्यावा का, हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. तो ‘घ्या की ओ, एसीच्या तोंडात मारतोय’ असंच म्हणणार. कूलर चांगला की वाईट हे यंत्रावर निम्मं ठरतं. उरलेलं निम्मं तो कुठल्या गावात आणि कुठल्या दिवशी चालतोय यावर.

इथं विचार केलाय तो आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे मिळणाऱ्या साध्या मालाचा: गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा डबा, तीन बाजूंना पॅड, १८ इंची पंखा, खाली साधारण ६० लिटरची टाकी आणि १८ वॅटचा छोटा पंप.

आधी हिशेब. कूलर थंडी तयार करत नाही. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, एवढंच. त्यामुळे हवा किती गार होईल याला एक तळ असतो: ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जिथं थांबेल तो अंश. त्याच्या खाली कुठलाही कूलर जात नाही. बरा पॅड असेल तर बाहेरचं तापमान आणि हा तळ यांच्यातलं सुमारे पाऊण अंतर कापलं जातं. जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातल्या अथणीत एप्रिलची दुपार ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. ओल्या फडक्याचा आकडा २२-२३ येतो, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २७ अंशाची हवा. तब्बल १३ अंशांची उतराई. बेळगावात ३६ अंश आणि ३५ टक्के धरलं तरी तोंडाशी २७ च. घाटालगतच्या खानापुरात वळिवाच्या दिवसांतली ३१ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा धरा, तिथंही साडेसत्तावीस.

तिन्हीकडे आकडा जवळपास एकच, मग तक्रार खानापूरवाल्यांचीच का? कारण अथणीत त्या हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आतबाहेर असते आणि खानापुरात नव्वदीच्या वर. पहिल्या हवेत घाम वाळतो, दुसऱ्या हवेत अंगाला चिकटून बसतो. थर्मामीटर दोन्हीकडे खूश, माणूस एकीकडेच.

कूलर खरंच काम करतोय का हे पाहायला मीटर लागत नाही, टाकी बघा. कोरड्या अथणीत १८ इंची पंखा पूर्ण वेगात असेल तर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उडतं, ६० लिटरची टाकी चार-सहा तासांत तळाला जाते. तोच कूलर ओल्या हवेत त्याच्या पाव हिश्श्यानंही पाणी पीत नाही. संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी जवळपास तशीच दिसली तर रात्रभर नुसता पंखा फिरला आणि खोली दमट झाली, असं खुशाल समजा. पंप चालू होता तेवढं बिल वर.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठीही हाच हिशेब. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, एक लिटर पाण्याची वाफ होताना २४०० च्या आसपास. म्हणजे पाच किलोची लादी टाकून जे मिळतं ते पाऊण लिटर पाणी उडालं तरी मिळतं. लादीचे पैसे चांगल्या पॅडला घाला.

अथणी, रायबाग, गोकाकचा कोरडा पट्टा हे या कूलरचं माहेर. तिथं पाच पैकी साडेचार गुण. अर्धा कापायचा तो पाण्यापायी. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं पॅडवर पांढरी पुटं चढतात, भोकं बुजतात आणि एकाच उन्हाळ्यात हवा निम्मी होते. पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतात, म्हणून नुसती वरून भर घालत राहिलं की पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पाणी भरणं हा त्यावरचा सरळ उपाय. पुटं चढलीच तर पॅड काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवावा आणि मऊ ब्रशनं, भोकांच्या दिशेनंच, हलक्या हातानं घासावा. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं नळाचं पाणी येतं तिथं हा त्रास फारसा नाही. बोअरवर चालणाऱ्या वसाहतींनी मात्र अथणीचा नियम पाळावा.

बेळगाव शहराला साडेतीन गुण, तेही वेळ बघून. दुपारी अकरा ते पाच कूलर छान चालतो. संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं की त्याबरोबर घाटाखालची ओल येते आणि कूलरचा जोर उतरतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा ठेवायचा. घेताना पंप आणि पंखा यांची बटणं वेगवेगळी आहेत का, एवढं नक्की बघा. स्वस्त मालात एकाच बटणावर दोन्ही जोडलेलं असतं आणि वळिवाच्या दिवशी तो कूलर गळ्यात पडतो. वळीव पडून गेल्यावर बाहेरची हवाच पंचवीस अंशांवर आलेली असते. ती हवा कोरड्या पॅडमधून आत ओढली तरी पुरे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी घेऊच नये. मार्चचे दोन-तीन आठवडे सोडले तर छताचा पंखा आणि भिंतीत एक्झॉस्ट यातच पैसे वसूल होतात. निपाणी-चिक्कोडीकडे बेळगावपेक्षा बरा चालतो, अथणीइतका नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. एसीच्या सवयीनं दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात आणि अर्ध्या तासात खोलीत चादरी ओलसर लागायला लागतात. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायला वाट हवी. समोरच्या भिंतीतली खिडकी कूलरच्या तोंडाएवढी तरी उघडी असावी. जुन्या मंगळुरी कौलांच्या घरात फटींतून हवा आपोआप निघून जाते, म्हणून तिथं कूलर जास्त सुखाचा वाटतो. स्लॅबच्या खोलीत ती सोय आपल्यालाच करावी लागते. मंगल कार्यालयांत मोठमोठे कूलर हॉलच्या आत ठेवून तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतात; मे महिन्यातल्या लग्नात जेवणाच्या पंगतीला घामाच्या धारा लागतात त्या त्यामुळेच. कूलरची पाठ कायम बाहेर हवी, आणि बाहेर सावली. पश्चिमेच्या भिंतीला टांगला तर दुपारी पत्रा तापतो आणि उन्हाकडची बाजू सुकून त्या बाजूनं कोरडी झळ आत येते. उत्तर किंवा पूर्व बाजू धरावी.

आकाराबाबत दुकानात ‘तासाला ४००० घनमीटर’ वगैरे ऐकायला मिळतं. तो मोकळ्या पंख्याचा आकडा. ओला पॅड आणि जाळी लागली की बराच खाली येतो. ढोबळ नियम असा: खोलीचे घनफूट भागिले दोन, तेवढे घनफूट हवा मिनिटाला हवी. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, तिला मिनिटाला ६०० पुरे. त्यासाठी १२ इंची पंखासुद्धा चालतो. १८ इंची कूलर हा हॉलचा किंवा दुकानाचा माल आहे. छोट्या खोलीत त्याचा आवाज आणि ओल दोन्ही डोक्यावर येतात.

पॅडचे तीन प्रकार. गवताचा म्हणतात तो प्रत्यक्षात लाकडाच्या लांब किसाचा असतो. स्वस्त, सुरुवातीला झकास गार, पण महिनाभरात खाली बसतो आणि वर चार बोटांची फट पडते. हवा नेहमी सोपी वाट धरते, त्यामुळे त्या फटीतून बाहेरची गरम हवा थेट आत. किस जाळीत भरताना वरच्या कडेला जास्त दाबून भरावा आणि दर पंधरा दिवसांनी हात फिरवून फटी बुजवाव्यात. नवा असताना वास येतो. पहिलं भरलेलं पाणी दोन तास फिरवून ओतून टाकलं की कमी होतो. हनीकोंबचा पुठ्ठ्यासारखा पॅड महाग पडतो, पण गोड्या पाण्यावर दोन-तीन उन्हाळे काढतो. तो चार इंची घ्यावा. दोन इंचीतून हवा पुरती न भिजताच पार होते. वाळ्याचा वास छान, टिकाऊपणा बेताचा.

पंप तोंडाला जाळी बांधल्याशिवाय लावू नये, किसाचे तुकडे आत गेले की पाणी वर चढत नाही आणि एक बाजू कोरडीच राहते. टाकी रिकामी असताना चालला तर जळतो. पाणी खाली गेलं की आपोआप नळ उघडणारा बॉलकॉक जोडून घेतला तर हा प्रश्न उरत नाही. चालू करताना आधी पाच मिनिटं नुसता पंप, पॅड भिजला की मग पंखा. बंद करताना उलटं: पंप आधी, पंखा दहा मिनिटांनी. पॅड वाळून बंद झाला तर कुबट वास धरत नाही. पंखा गुणगुणतोय पण फिरत नाही, किंवा हातानं ढकलल्यावर फिरतो, अशी लक्षणं असतील तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. मोटर बांधायला टाकण्याआधी तो बदलून बघावा. अर्थातच पिन काढून.

अर्थिंगबद्दल हयगय नको. पत्र्याचा डबा, आत पाणी, खाली ओली फरशी. पंपाची वायर सोलली गेली की अख्खा डबा करंट मारतो. बरेच कूलर दोन पिनांच्या वायरनं विकले जातात. तीन पिनांची वायर, डब्याला स्क्रूनं आवळलेली हिरवी तार आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), याशिवाय लहान मुलांच्या घरात हा कूलर लावू नये. पाणी भरतानाही पिन काढलेलीच हवी. स्टँडही तपासा: ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, वर डबा आणि मोटर. नव्वद-शंभर किलो वजन खिडकीच्या गजांना तारेनं बांधून पेलत नाही.

विजेचं गणित सोपं आहे. २०० वॅटचा कूलर रोज आठ तास चालला तर महिन्याला ४८ युनिट. एसीपुढे किरकोळ. पण हेस्कॉम या वीज कंपनीकडे गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत ज्यांचं बिल शून्य येतं त्यांनी ठरवून दिलेल्या युनिटांवर लक्ष ठेवावं. वर गेलेल्या युनिटांचे पैसे पडतात, आणि महिन्याचा वापर २०० ओलांडला तर पूर्ण बिल भरावं लागतं. कूलर आणि फ्रिज एकदम सुरू झालेल्या घरात मे महिन्यात हे सहज होतं.

साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्याचा उडता होतो. वळिवामुळे कूलर चार दिवस बंद राहिला की नेमकं तेच पाणी तसंच राहतं. बंद ठेवायचा असेल तर टाकी उपसून कडा आणि तळ फडक्यानं घासून पुसून घ्यावा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

घेताना किंमत पत्र्याच्या गेजवर आणि मोटरवर ठरते. २६ गेजचा पत्रा बोटानं दाबला की आत जातो आणि पंख्याबरोबर खडखडतो, २४ गेजचा घ्यावा. मोटरची वाइंडिंग तांब्याची आहे असं बिलावर लिहून घ्यावं, तोंडी नको. तळ आणि जोडांवर रेड ऑक्साइड मारून वर डांबरी रंगाचा हात दिला तर गंज लांबतो, आणि हे काम दुकानातून घरी आणल्या दिवशीच करायचं, पाणी पडल्यावर नाही. मृग लागला की पॅड काढून उन्हात खडखडीत वाळवावेत, टाकी कोरडी करावी, मोटरच्या बुशला दोन थेंब तेल सोडावं आणि डबा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकावा. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नये, आत दमट राहून पत्र्याला दिवाळीच्या आत भोकं पडतात.