कोल्हापुरात राजारामपुरीतला इंग्लिश क्लास, नोकरीवाल्यांनी नक्की लावा

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पर्चेसला आहे, मेल सगळे इंग्लिशमधनं, म्हणून संध्याकाळची बॅच लावली. मॅडम लई भारी शिकवतात, नुसतं पाठांतर नाही. 'प्रोक्युअर' शब्द घेतला तर फळ्यावर सरळ आमच्या कामातलं वाक्य, वी प्रोक्युअर्ड स्क्रॅप फ्रॉम थ्री व्हेंडर्स, आणि मग सांगितलं की मिळवणं या अर्थाचा 'गेट' शब्द कुठंबी चालतंय, 'बाय' म्हणजे पैसे देऊन घेणं, पण 'प्रोक्युअर' म्हटलं की खटपट करून मिळवणं आलं, कोटेशन मागवा, रेट ठरवा, माल वेळेत कंपनीच्या गेटवर आणा ते सगळं त्यातच. दूध संघाचं संकलन म्हणजे मिल्क प्रोक्युअरमेंट, सरकारी टेंडरात पण हाच शब्द. पण मंडईतनं मेथी आणली तर बॉटच म्हणायचं, प्रोक्युअर्ड नाही. आणि माणसांसाठी हा शब्द जपून वापरा, वेश्याव्यवसायाला माणसं पुरवणं असा अर्थ निघतो, हे त्यांनी न लाजता सांगितलं ते मला फार आवडलं. उच्चारपण घोटून घेतात, जोर 'क्युअर'वर. गर्दी मात्र जास्त आहे, मागं बसलं की नीट ऐकू येत नाही, गाडी लावायला जागा शोधावी लागते. फी वाजवी.