पाच नंबरचा डबा : सात महिन्यांनंतर

जूनमध्ये जांभळी नाक्याहून तीन डब्यांचा सेट आणला. कंपनीचं नाव देत नाही, बोलायचंय ते प्लास्टिकबद्दल. बुडावर त्रिकोणात ५, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आमच्या भाषेत पीपी. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिक मोल्डिंगचं काम करतो, त्यामुळे नवीन डबा आधी उलटा करून बघायची खोड आहे.

रोज दुपारी आमटी-भात मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. डबा आजवर तसूभर वाकलेला नाही. पीपीचा रेणू म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी. तिच्यात एकाआड एक कार्बनला मिथाइलचा गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लटकलेला असतो. ते सगळे एकाच बाजूला येतील अशी साखळी इटलीच्या नाट्टा या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये बनवली. त्यामुळे साखळ्या मळसूत्रासारख्या वळून नीट रचल्या जातात आणि वितळायला १६० अंशांच्या वर जावं लागतं. हेच गट कसेही लागले असते, तर डबा नव्हे, चिकट गोळा हाती आला असता.

झाकण मात्र चार नंबरचं, एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन. त्याच्या साखळ्यांना फांद्या, त्यामुळे त्या दाटीने बसत नाहीत. साधारण ११० अंशांना खेळ खलास. रश्शाचं पाणी शंभरावर थांबतं, तेलाचा तवंग थांबत नाही. बटाट्याच्या रश्शाने दुसऱ्याच महिन्यात झाकणाला फुगवटा आणला. आता मी वर ताटली ठेवतो.

खरा दगा फ्रीजरने दिला. डिसेंबरात बायकोने ओल्या नारळाचा चव त्यात ठेवला होता. काढताना डबा ओट्यावर आपटला आणि कोपरा काचेसारखा उडाला. शून्याच्या आसपास साध्या पीपीच्या साखळ्यांची हालचाल गोठते, आणि फ्रीजर उणे अठराला. म्हटलं, माझ्याच धंद्यातली गोष्ट, घरी सांगायची राहिली. तिचं उत्तर इथे देत नाही.

गंमत पुढे आहे. नारळ आता आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जातो. तो दोनदा पडला, काही झालं नाही. उलटा केला तर खाली ५च! अशा डब्यांना कोपॉलिमर ग्रेड वापरतात. त्यात इथिलीनचा रबरासारखा भाग मिसळलेला असतो, थंडीतही तो मऊ राहतो आणि आदळआपट पचवतो. त्रिकोणातला आकडा यातलं काहीच सांगत नाही.

डब्याला चार स्टार, झाकणाला दीड. उरलेले दोन डबे फक्त ऑफिसला जातात.