रिअ‍ॅलिझम सोडून आंतरराष्ट्रीय संबंधांच्या बाकीच्या थिअऱ्यांचा मराठी कोर्स : केळीवालं लेक्चर एक नंबर, लिबरलिझम शिळं

जळगावातल्या एका छोट्या क्लासचा रेकॉर्डेड कोर्स आहे, नाव टाकत नाही कारण खाली थोडी खरडपट्टी काढलीय आणि सर रोज चहाच्या टपरीवर भेटतात. ९०० रुपयांत व्हिडिओ अन् स्पायरलच्या नोट्स. एम.ए. राज्यशास्त्रवाले, सेट-नेटवाले आणि यूपीएससीला पीएसआयआर (राज्यशास्त्र अन् आंतरराष्ट्रीय संबंध) घेतलेले यांच्यासाठी आहे. मराठीत या विषयावर जे हाती लागतं त्यात रिअ‍ॅलिझमवाल्या मॉर्गेन्थाऊची सहा तत्त्वं पानंच्या पानं असतात आणि शेवटी "वास्तववाद (म्हणजे रिअ‍ॅलिझम) एकांगी आहे" अशी चार ओळींची टीका, बस्स, म्हणून घेतला.

रिअ‍ॅलिझम सर पहिल्याच लेक्चरमध्ये उरकतात. मॉर्गेन्थाऊचं १९४८ चं पुस्तक, वॉल्ट्झचं १९७९ चं, राज्यांच्या (म्हणजे देशांच्या) डोक्यावर कोणी मालक नाही म्हणून जो तो आपलं बळ सांभाळतो, झालं. मग विचारतात की या सगळ्यात माणूस कुठे दिसला का तुम्हाला? इथून पुढे कोर्स खरा सुरू होतो.

कन्स्ट्रक्टिव्हिझम मस्त शिकवलंय. वेंटचा १९९२ चा लेख, मालक नाही हे खरं पण म्हणून एकमेकांना शत्रूच समजायचं हे काही वरून ठरून आलेलं नाही, ते राज्यंच आपापसात वागून वागून ठरवतात. त्याचं ते नेहमीचं उदाहरण, ब्रिटनच्या ५०० अण्वस्त्रांपेक्षा अमेरिकेला उत्तर कोरियाच्या ५ ची जास्त भीती, हे सगळेच सांगतात. पण सर लगेच नेपाळवर येतात, १९५० चा मैत्री करार, उघडी सीमा, आणि दुसरीकडे पाकिस्तानच्या सीमेवर कुंपण, दोन्ही शेजारीच ना भो. आणि तिथेच न थांबता २०२० मध्ये नेपाळनं भारताच्या ताब्यातलं कालापानी, लिपुलेख स्वतःच्या नकाशात घेतलं ते पण काढतात, म्हणजे मैत्री पण घडवलेलीच असते अन् बिघडू पण शकते. परीक्षेत हे लिहिलं तर तपासणाऱ्याला कळेल की पोरानं विचार केलाय.

मार्क्सवादी भागात वॉलरस्टाइन, १९७४, श्रीमंत केंद्र, त्याला कच्चा माल अन् स्वस्त मजुरी पुरवणारा परीघ अन् मधले अर्धपरीघ देश. हे कुठल्याही गाईडमध्ये मिळेल, पण इथे कापूस आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तर आपल्या खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ ला युद्ध संपलं तसा भाव घसरला, शेतकऱ्यानं यात काहीच केलेलं नव्हतं, ना चढताना ना पडताना. मग २००३ वर उडी, बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे आफ्रिकेतले चार देश डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेले की अमेरिका तिच्या कापूसवाल्यांना सबसिडी देते अन् आमचे शेतकरी मरतात. चोपडा-धरणगावकडच्या पोराला परीघ म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरजच राहत नाही. एवढंच की सर इथे वाहवत जातात, सगळं खापर बाहेरच्यांवर. १८७५ चे दख्खनचे दंगे पुणे-नगरकडे सावकारांच्या विरुद्ध झाले होते, गावातलाच सावकार होता तो, लिव्हरपूलचा नव्हता. याबद्दल एक शब्द नाही.

आता केळीवालं लेक्चर. खरं सांगतो, स्त्रीवादी सिद्धांत म्हटल्यावर मी पुढे ढकलणार होतो, कारण सगळीकडे एकच पान असतं, टिकनरनं १९८८ मध्ये मॉर्गेन्थाऊची सहा तत्त्वं नव्यानं मांडली, संपलं. इथे ते दहा मिनिटांत संपवून सर सिंथिया एनलोवर येतात. तिचं १९८९ चं पुस्तक, नावातच केळी, आणि तिचा प्रश्न साधा, यात बायका कुठेत? केळीचे मळे असलेली अमेरिकन युनायटेड फ्रूट कंपनी, ग्वाटेमालात १९५४ ला अमेरिकेनं सरकार पाडलं, हे रिअ‍ॅलिस्ट पण सांगेल, पण मळ्यात अन् पॅकिंगला कोण होतं, किती मजुरीवर, हे तो नाही सांगणार. आणि मग सर सरळ रावेर-यावलमध्ये. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (भौगोलिक ओळखीचा टॅग) मिळाला, माल आखातात जातो, बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला हे पारावर प्रत्येकाला पाठ असतं. पण घड कापल्यापासून फण्या सुटून, धुऊन, खोक्यात भरेपर्यंत कोणाचे हात लागतात अन् त्या हातांना रोज काय मिळतो हे कोणाला पाठ आहे? आमच्या घरी केळी आहे, मी हे लेक्चर आईला लावून दिलं. तिनं पूर्ण ऐकलं, वर म्हणे मास्तरला मजुरीचा आकडा विचार, तो त्यानं नाही सांगितला. बरोबर आहे तिचं.

आता वाईट भाग. लिबरलिझमचं, म्हणजे देश संस्था अन् करारांतून सहकार्य करू शकतात या थिअरीचं, लेक्चर जुनं आहे अन् ते लपत नाही. कांट १७९५, विल्सनचे चौदा मुद्दे १९१८, देश एकमेकांवर अवलंबून असतात म्हणणारे कोहेन आणि नाय १९७७, इथपर्यंत ठीक. पण सहकार्य टिकतं याचा पुरावा म्हणून भारत-पाकिस्तानचा सिंधू पाणी करार दिलाय, १९६० पासून तीन युद्धं झाली तरी चालू. अरे, एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो स्थगित ठेवलाय! डब्ल्यूटीओचं पण तेच, तंटे सोडवायची जी अपील संस्था आहे ती डिसेंबर २०१९ पासून पुरेसे सदस्यच नसल्यामुळे ठप्प आहे आणि नोट्समध्ये ती "यशस्वी" आहे. विद्यार्थ्यानं हे तसंच छापलं तर मार्क गेले.

दुसरी चूक यापेक्षा मोठी. शेवटी "भारतीय पर्याय" म्हणून कौटिल्याचा मंडल सिद्धांत टाकलाय. शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, यापेक्षा पक्का रिअ‍ॅलिझम अजून कोणता? पर्यायच द्यायचा तर १९५४ चं भारत-चीनचं पंचशील होतं, १९५५ ची आशिया-आफ्रिकेतल्या देशांची बांडुंग परिषद होती, आचार्य आणि बुझान यांचा २००७ चा प्रश्न होता की पाश्चात्त्यांच्या बाहेरचा सिद्धांत का नाही. देशांचाही एक समाज असतो म्हणणाऱ्या इंग्लिश स्कूलला दोन पानं, हेडली बुलचं नाव अन् साल, संपलं. पर्यावरणवाले तर रेल्वेत विदाऊट तिकीट चढल्यासारखे एका कोपऱ्यात.

बाकी किरकोळ. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर, वॉल्ट्झचं नाव तीन प्रकारे छापलंय, ॲप एकाच मोबाईलवर चालतं. सर मध्येच अहिराणीत घुसतात, मला आवडतं, पुण्याकडच्या मित्राला डोक्यावरून गेलं.

पाचपैकी साडेतीन. मार्क्सवादी, कन्स्ट्रक्टिव्हिस्ट अन् स्त्रीवादी भागासाठी डोळे झाकून घ्या, लिबरलिझम दुसरीकडून करा, कौटिल्याच्या पानावर काट मारा. टपरीवर सरांना सिंधू कराराचं सांगितलं, नवीन पीडीएफ देतो म्हणालेत, मजुरीचं विचारलं तर रावेरला जाऊन येतो म्हणे. आली की अर्धा स्टार वाढवतो.